साण्याचा खटका

आमच्या जीपमागं जी खोली जोडलेली असते तिला छतात चार खिडक्या आहेत, आणि त्या चारही खिडक्यांवर आमच्या ह्यांचा जीव आहे. माझ्यावर किती आहे ते मी विचारत नाही. उत्तर ऐकून मलाच राग यायचा. त्या खोलीला आमची मुलगी कॅराव्हॅन म्हणते. सिडकोतल्या आमच्या गल्लीत तिला 'तुमचा डबा' म्हणतात. माझ्या सासूबाई देवगाव रंगारीला धाकट्या दिरांकडे राहतात. त्या तिला 'बापूची खोली' म्हणतात, कारण आमच्या ह्यांना त्या जन्मभर बापू म्हणत आल्या आहेत. छतातल्या खिडक्यांचं बारसंही त्यांनीच केलं. जुन्या घरांच्या मातीच्या सपाट छताला, म्हणजे माळवदाला, उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी भोक ठेवलेलं असतं, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. सासूबाईंनी पहिल्यांदा खोलीत पाय ठेवला, मान वर केली आणि म्हणाल्या, "साणं हाय म्हंजी घर हाय." तेवढ्यावर खोली पास झाली.

ही खोली हौसेपोटी आली असं लोकांना वाटतं. खरं कारण सांगायला बाकीचे लाजतात, मी लाजत नाही. आमच्या रस्त्यांवर पन्नाशी उलटलेल्या, गुडघे गेलेल्या बाईला बसता येईल अशी जागा मिळत नाही. लग्नाला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं, हे मी किती वर्षं केलं. सासूबाईंनी तर प्रवासच सोडला होता. सोयगावला त्यांची धाकटी बहीण आहे, ती अंथरुणाला खिळलेली. दोघी बहिणी एकमेकींच्या आठवणीनं फोनवर रडायच्या, पण जा म्हटलं की सासूबाईंचं एकच, "वाटंत जायचं कुठं?" मग निवृत्त झाल्यावर ह्यांनी मनावर घेतलं. चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये रोज जाऊन उभं राहून खोली बनवून घेतली. आत कमोड, पलंग, छोटा ओटा. खिडक्या तेवढ्या तयार मागवल्या.

वाळूजच्या कंपनीत ह्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. दुसऱ्यानं बनवलेला माल बघायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. घरीही तेच. माझी पोळी, मुलीची सायकल, दाराची कडी, सगळ्याची तपासणी. फार वैताग यायचा. पण खोली तयार होऊन वर्ष झालं नसेल आणि ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारले, बोलणं नीट झालं. उजवा हात मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. हात हलतो, वस्तू उचलतो, पण बोटांच्या टोकांना काही कळत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद करायला सांगितलं. ह्यांनी किल्ली मुलीच्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर एकेक काम ह्यांच्या हातून निघून गेलं. जीप चालवणं मुलीकडं, खोली जोडणं मुलीकडं, चाकांची हवा मुलीकडं. ती शेंद्र्याला नोकरी करते, तिला हे सगळं जमतं, आणि ती बापावर गेलीय म्हणून ते ह्यांच्यापेक्षा नेटकं जमतं. ह्यांच्याकडं राहिल्या त्या छतातल्या खिडक्या. निघण्याआधी आत जायचं, चारही झाकणांचे खटके बघायचे आणि खाली येऊन "पास" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय जीप सुरू होत नसे. ते एक काम गेलं असतं तर हा माणूस आमच्या घरात नुसता पाहुणा होऊन बसला असता. हे मला कळत होतं, मुलीला कळत होतं, आणि त्यांना तर सगळ्यात जास्त.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. त्या झाकणांच्या खटक्याला दोन खाचा आहेत. खटका पहिल्या खाचेत बसला की झाकण गच्च बंद. दुसऱ्या खाचेत असला की झाकण बोटभर उघडं राहतं, मुक्कामाला हवा खेळायला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच बंद वाटतं. उभ्या गाडीला दुसरी खाच चालते. धावत्या गाडीला, त्यातून वाऱ्यात, अजिबात चालत नाही. मी एकदा म्हणाले होते, एवढं वारं वरून दाबतंय, झाकण आणखी घट्ट बसेल की. तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, खालच्या ओठाला लावली आणि वरून फुंकर मारली. पट्टी खाली जायची सोडून वर उचलली. "वारं छतावरून पळालं की झाकण दाबत नाही, ओढतं," ते म्हणाले. आता आम्ही चारही झाकणांना आतून पट्टे बांधतो आणि वारं जास्त असलं की निघतच नाही. मी सांगतेय ती हकीकत त्या पट्ट्यांच्या आधीची आहे.

सासूबाईंना सोयगावला न्यायचं ठरलं ते नेमकं आषाढात. आषाढात आमच्याकडं पाऊस दडी मारतो आणि वारं सुटतं, दिवसभर सू सू करत राहतं. मुलगी म्हणाली, चार दिवस थांबू. पण सोयगावहून फोन आला होता की मावशींनी जेवण कमी केलंय, आणि सासूबाईंनी गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. आम्ही आदल्या दिवशीच देवगावला जाऊन मुक्काम केला. खोली अंगणात उभी होती. दुपारभर सासूबाई आत पलंगावर पडून होत्या आणि मुलीला एकेक विचारत होत्या, ह्याचा नळ कुठं, त्याचं बटन कुठं, साणं कसं उघडायचं. मुलीनं सगळं हौसेनं दाखवलं.

सकाळी निघताना ह्यांनी नेहमीसारखी तपासणी केली. मी पायरीपाशी उभी होते, मला दिसत होतं. एकेक झाकण खाली ओढायचं, खटका सरकवायचा, मग डाव्या हाताचा तळवा लावून वर ढकलून बघायचं. बोटांना कळत नाही म्हणून ते कान देऊन आवाज ऐकतात. अंगणात लिंबाच्या झाडात वारं घुमत होतं. खाली येऊन त्यांनी "पास" म्हटलं आणि चष्मा पुसला.

तेवढ्यात सासूबाई घरातून भाकरी घेऊन आल्या. पहाटेपासून तव्यापाशी बसून त्यांनी स्वतः थापलेल्या, फडक्यात बांधलेल्या, गरम गरम. आम्ही नेऊन ठेवतो म्हटलं तर ऐकेनात. "मी ठिवते, तुम्ही बसा," म्हणून काठी टेकत पायरी चढून आत गेल्या. मी जावेकडून कुंकू लावून घेत होते. बऱ्याच वेळानं सासूबाई बाहेर आल्या, दाराला स्वतः कडी घातली, आणि जीपमध्ये माझ्याशेजारी बसल्या. हे पुढं, मुलीच्या बाजूला.

कन्नड गेलं, पिशोर गेलं. सिल्लोडच्या पुढं रस्ता उघड्या माळावरून जातो. दोन्ही बाजूला गुडघाभर मका, आडोसा कसलाच नाही. वारं आडवं मारत होतं. समोरून मोठा ट्रक गेला की मागची खोली एकदा तिकडं, एकदा इकडं डोलायची आणि जीपलाही हिसका बसायचा. मुलीनं वेग कमी केला. हे मान तिरकी करून मागचा आवाज ऐकत होते. अशातच फाडकन आवाज झाला. मला वाटलं टायर गेलं. मुलीनं जीप सावकाश कडेला घेतली.

आम्ही उतरतोय तोच मागून एक मोटारसायकल आली. चाळिशीचा माणूस, मागं त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर आमच्या झाकणाचा अर्धा तुकडा. "ओ बाजी, तुमचं ढक्कन उडालं ना पिच्छे!" तो ओरडला. "आमच्या डोक्यावरून गेलं बघा. वावरात जाऊन पडलं."

"लागलं नाही ना?" ह्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्हाला लागलं नाही ना कुठं?"

"नाय लागलं, अल्लाचा करम हाय," ती बाई म्हणाली. हे पुन्हा तेच विचारू लागले. त्या माणसानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, वारंच लई हाय आज. तुम्ही कामून एवढं मनाला लावून घेता?" तुकडा आमच्या हवाली करून, सांभाळून जा म्हणून ते दोघं निघून गेले. चांगली माणसं होती. शिव्या दिल्या असत्या तरी आम्हाला ऐकून घ्याव्या लागल्या असत्या.

हे आत गेले. मी मागं गेले. ओट्यावरचं झाकण गेलं होतं आणि त्या चौकोनातून आभाळ दिसत होतं. खटका मात्र चौकटीला तसाच होता. ह्यांनी चष्मा कपाळावर सारला, अगदी जवळ जाऊन बघितलं, आणि खाली बघत म्हणाले, "दुसऱ्या खाचेत आहे."

"हिसक्यानं सरकला असेल," मी म्हणाले.

"हिसक्यानं सरकत नाही. तो हातानंच तिथं जातो." मग स्वतःचा उजवा हात त्यांनी माझ्यापुढं धरला, दुकानदाराला खराब माल परत दाखवावा तसा. "मला पहिली खाच वाटली. दुसरी होती. त्या बाईच्या डोक्यात गेलं असतं."

मी खूप काही बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, चुकलं असेल ह्यांचं. माझ्या मनात ते आलं आणि ते माझ्या तोंडावर त्यांनी वाचलं. मला स्वतःचा इतका संताप आला की मी ओट्यावरची वाटी उगाच आपटली.

खाली उतरून ते मुलीला म्हणाले, "यापुढं खिडक्या तू बघत जा." तिनं "पप्पा, असं काय," म्हटलं. ते म्हणाले, "कुणाच्या जिवावर बेतलं असतं म्हणजे? घरी गेल्यावर ही खोली काढून टाकू." आणि पायरीवर बसून राहिले. मुलगी छतावर चढली, ताडपत्रीचा तुकडा भोकावर ओढला, दोरीनं आवळून बांधला. वाऱ्यात तिची ओढणी फडफडत होती. जीपमधून सासूबाईंनी हाक मारली, काय झालं म्हणून. मी जाऊन सांगितलं, साण्याचं झाकण उडालं, मागच्या गाडीवरल्या बाईच्या डोक्यावरून गेलं.

"वर धोंडा नव्हता का ठिवला?" त्यांनी विचारलं.

माळवदाच्या साण्यावर वारावादळात दगड ठेवतात, ते त्यांना आठवलं. आता हायवेवर दगड घेऊन धावणारी खोली माझ्या डोळ्यांपुढं आली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते.

अजिंठ्याच्या अलीकडं एका बंद हॉटेलच्या आडोशाला आम्ही जेवायला थांबलो. ह्यांना भूक नव्हती, तरी आईपुढं बसले. सासूबाईंनी खोलीतून गाठोडं मागवून घेतलं, फडकं सोडलं, एक भाकरी उचलून उलटीपालटी केली आणि खूश झाल्या.

"बघ सुनबाई, कशा कोरड्या खळखळीत हायेत. कोंडल्या असत्या तर समद्या घामेजल्या असत्या. गरम भाकर बंद खोलीत ठिवायची नाय. म्हून तर म्या निघताना ते ओट्यावरलं साणं वाईच उघडलं. काठीनं खटका दाबला, टक्कन वर आलं. बोटभरच उघडलं बरं का, जास्त नाय."

मुलीच्या हातातला घास हातातच राहिला. मी ह्यांच्याकडं बघितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला. माळावरून इथपर्यंत त्या माणसानं नीट श्वाससुद्धा घेतला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. मला आनंदानं रडू येत होतं आणि त्याच वेळी सासूबाईंवर ओरडावंसंही वाटत होतं. "अहो आत्याबाई," मी सुरुवात केली.

सासूबाई आमची तोंडं बघत होत्या. म्हातारी असली तरी ती बाई खुळी नाही. "काय झालं?" त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हंजी म्या उघडलं म्हून उडालं का रं, बापू? त्या गाडीवरल्या बाईच्या डोक्यात..." त्यांनी हातातली भाकरी फडक्यावर ठेवून दिली. एवढ्या वर्षांनी त्या घराबाहेर पडल्या होत्या. हे मनात घेऊन त्या सोयगावला पोचल्या असत्या तर पुन्हा कधी उंबरा ओलांडला नसता, बहिणीसाठीसुद्धा नाही.

"नाय आई," हे म्हणाले. "तू उघडलेलं म्या निघायच्या आधी बघितलं व्हतं. पुन्हा जाऊन लावलं. पण नीट बसलं नाय माझ्याकडून." त्यांनी उजवा हात पुढं केला. "माझा हात पैल्यासारखा राहिला नाय, आई. बोटांना कळत नाय."

सकाळी सासूबाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा आम्ही सगळे जीपपाशीच होतो. निघायच्या आधी ते पुन्हा आत गेले नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. साऱ्या नोकरीत ज्या माणसानं साहेबाच्या दबावाखालीसुद्धा नापास मालाला पास म्हटलं नाही, तो आईसमोर सरळ खोटं बोलत होता. आणि बोटांना कळत नाही, हे खरं वाक्य तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता. माझ्यापाशीसुद्धा त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांसमोर मी सांगायचे, ते खिडकीबाहेर बघायचे.

सासूबाईंनी भाकरी पुन्हा उचलली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून ह्यांच्या ताटात ठेवला, वर ठेचा वाढला. "मंग दुसऱ्याला सांगावं, बापू," त्या हळूच म्हणाल्या. "लाज कशाची?"

हे मान खाली घालून जेवले. चांगले जेवले.

निघताना मुलगी मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, राहिलेल्या तीन खिडक्या बघून घ्या. ताडपत्रीची गाठ पण बघा."

"आता पुन्हा त्यालाच कामून धाडायलीस?" सासूबाई कातावल्या. "आताच नाय का सांगितलं त्यानं? सुनबाई, तू जा."

"मी नाही जाणार, आत्याबाई," मी म्हणाले. लग्नानंतर मी त्यांना सरळ नाही म्हटल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. "ते काम त्यांचं आहे. त्यांच्याइतकं चांगलं ते कुणाला जमत नाही."

त्यांनी माझ्याकडं नाराजीनं बघितलं. हे दोघींकडं न बघता पायरी चढून आत गेले. मुलगी इंजिन चालू न करता बसून राहिली. आत झाकणावर तळव्याची थाप पडल्याचा आवाज येत राहिला, एकेका झाकणावर पुन्हा पुन्हा. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. आम्ही कुणी हाक मारली नाही.

परत आल्यावर ते पुढं बसायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "हितं बस माझ्याजवळ." म्हणून मी पुढं गेले. अजिंठ्याच्या घाटात वारं पडलं. मुलगी अगदी हळू उतरत होती. मी आरशात बघितलं तर सासूबाईंनी ह्यांचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला होता आणि एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत होत्या. "येईल, येईल जोर," असं तोंडानं चाललं होतं. आपण लेकाला सांभाळून घेतोय, असंच त्यांना वाटत होतं. दुखण्यापासून तो हात ह्यांनी मला कधी धरू दिला नव्हता. धरायला गेले की कशाचं तरी निमित्त काढून ते तो मागं घ्यायचे. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सोयगाव येईपर्यंत ह्यांनी तो हात आईच्या मांडीवरून उचलला नाही.